लोणाऱ्याचा चुना आणि प्रवाळाचे हाड

साताऱ्याहून कऱ्हाड, इस्लामपूर करत सांगलीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना जो दगड दिसतो तो काळा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरत गेला आणि त्यातून दख्खनचे हे पठार उभे राहिले. या दोन जिल्ह्यांत चुनखडकाचा एकही डोंगर नाही. तरी इथले गड, वाडे, घाट, दगडी विहिरी बांधल्या गेल्या त्या चुन्यातच. मग हा चुना आला कुठून?

तो त्याच काळ्या दगडातून आला. कातळ झिजतो तेव्हा त्यातले कॅल्शियम पाण्यात उतरते. पाऊस भरपूर असलेल्या पश्चिमेच्या डोंगराळ भागात ते पाण्याबरोबर वाहून जाते. पण माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या पट्ट्यात पाणी जमिनीतच सुकते आणि मागे पांढरट, खडबडीत, मुठीएवढे नाहीतर सुपारीएवढे गोटे उरतात. नांगराच्या फाळाला ते लागतात, ओढ्याच्या दरडीत थराने दिसतात. शेतकऱ्याच्या लेखी ही चुनखड जमीन म्हणजे डोकेदुखी. लोणाऱ्याच्या लेखी तोच कच्चा माल.

चुना आणि कोळसा भाजणे हा लोणारी समाजाचा पिढीजात धंदा, आणि सातारा-सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात या समाजाची मोठी वस्ती. भट्टी साधी असे. दगडमातीची गोल भिंत, आत जळणाचा एक थर, चुनखडीचा एक थर, पुन्हा जळण, पुन्हा चुनखडी, आणि खालून वाऱ्याला वाट. सगळे कसब आचेत. चुनखडी पुरती फुटायला सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. आच कमी पडली तर गोट्याच्या पोटात कच्चा दगड राहतो, फार झाली तर चुना करपतो आणि पाण्यात नीट फुलत नाही. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर कळीचा चुना निघतो ५६ किलो. उरलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. हा आकडा पुढे पुन्हा लागणार आहे.

कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो सुसकारे टाकतो, तापतो, फुटतो आणि पिठासारखा होतो. बांधकामाचा चुना मग घाणीत जाई. गडागडांवर आजही दगडी गोल चर आणि त्यात आडवे पडलेले अवजड चाक दिसते, ती ही चुन्याची घाणी. बैल फिरत, चाक फिरे, चुना आणि वाळू मळून निघे, आणि त्यात गूळ, बेलफळाचा गर असे काही ना काही मिसळले जाई. ट्रेकला आलेली मुले त्या चाकावर बसून फोटो काढतात. त्या गडाची भिंत तीनशे वर्षे का टिकली याचे अर्धे उत्तर आपल्या बुडाखाली आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

पण या लेखाचा विषय भिंतीचा चुना नाही. विषय आहे तो निवळीचा.

विरवलेला चुना भरपूर पाण्यात ढवळून ठेवला की रात्रभरात गाळ तळाशी बसतो आणि वर काचेसारखे स्वच्छ पाणी राहते. ती चुन्याची निवळी. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो. त्याहून जास्त घातला तर तो नुसता तळाशी जातो, आणि पाणी तापवले तर उलट कमीच विरघळतो. निवळी उघडी ठेवली की तासाभरात तिच्यावर दुधासारखी पातळ साय धरते. बोटाने ढकलली तर ती कुरकुरीत तुटते आणि तिच्या पापड्या खाली बुडतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यातल्या चुन्याला भेटतो आणि पुन्हा चुनखडी होते, तीच ही साय. भट्टीत जे वेगळे केले ते इथे डोळ्यांदेखत परत जुळते.

पश्चिम महाराष्ट्राच्या घराघरांत ही निवळी होती. भाजलेल्या जागी खोबरेल तेलात फेटून ती लावत. कोहळ्याच्या फोडी तिच्यात भिजवल्या की पाकात शिजूनही कडक राहत. गुऱ्हाळात काहिलीतल्या रसाचा आंबटपणा मारायला, मळी वर आणायला रानभेंडीच्या चिकाबरोबर चुना पडे. कृष्णा-वारणेच्या काठी साखर कारखाने उभे राहिले तेव्हा हीच युक्ती यंत्रात गेली. उसाचा रस स्वच्छ करायला आजही चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर लागतो. इथल्या माणसाला चुना ही मिस्त्रीची वस्तू वाटत नाही. स्वयंपाकघर, औषध आणि ऊस या तिन्हींशी तिचे नाते आहे.

या निवळीचा आणखी एक उपयोग युरोपातल्या हौशी मंडळींनी विसाव्या शतकात शोधला. समुद्रातले दगडी प्रवाळ काचेच्या टाकीत जिवंत ठेवायला आणि वाढवायला त्यांनी ती वापरली.

प्रवाळ म्हटले की मराठी माणसाला आठवते ते अंगठीतले लाल पोवळे. ते वेगळ्या कुळातले, भूमध्य समुद्रातून आलेले. समुद्रात खडक उभे करतात ते दगडी प्रवाळ. सातारा-सांगलीच्या विज्ञान महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकलेल्यांनी ते पाहिलेले असते: प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवलेला अळंबीच्या छत्रीसारखा फंजिया, मेंदूच्या वळ्यांसारखा मिअँड्रिना. पांढरे, कोरडे, धूळ बसलेले. जर्नलमध्ये त्यांची आकृती निघते, खाली वर्गीकरण लिहिले जाते आणि विषय संपतो. मात्र कपाटात असतो तो नुसता सांगाडा. जिवंतपणी त्यावर मऊ, पातळ मांसाचा थर असतो, त्यात हजारो बारीक तोंडे असतात आणि पेशींच्या आत सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल उन्हात साखर तयार करते, तिचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. त्या जोरावर प्रवाळ समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतो आणि स्वतःखाली हाड रचत जातो. ते हाड आणि जतच्या शेतातला गोटा रसायनाने एकच, कॅल्शियम कार्बोनेट. फरक स्फटिकांच्या ठेवणीचा.

दगडी प्रवाळ घरात पाळण्याची पहिली नीट नोंद लंडनची आहे. वेस्टमिन्स्टर अॅबेच्या उपअधिष्ठात्यांच्या पत्नी अॅना थिन १८४६च्या शरद ऋतूत टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावी गेल्या होत्या. तिथले छोटे दगडी प्रवाळ त्यांना इतके आवडले की ते लंडनला न्यायचे ठरले. प्रवासात ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांनी सुईदोऱ्याने ते एका मोठ्या स्पंजवर टाचून घेतले. लंडनमध्ये समुद्र नाही. ताजे खारे पाणी मागवणे परवडेना, तेव्हा आहे तेच पाणी उघड्या खिडकीशी उभे राहून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते, असा उपाय निघाला. रोज अर्धा-पाऊण तास हे काम घरातल्या मोलकरणीने केले. थिनबाईंचे नाव इतिहासात राहिले. त्या मोलकरणीचे नाव कोणी टिपून ठेवले नाही, पण जगातला पहिला प्रवाळपालनाचा पंप खरे तर तिचे हात होते. पुढे समुद्री शैवाल टाकीत घातल्यावर पाणी बरेचसे आपले आपण शुद्ध राहू लागले. प्रवाळ तीन वर्षे जगले, त्यांना पिलेही झाली, आणि १८५९मध्ये त्यावरचा निबंध छापून आला.

टॉर्कीचे प्रवाळ थंड समुद्रातले, एकएकटे राहणारे, अंगात शैवाल नसलेले आणि हळू वाढणारे. त्यांना दिवा नको, चुनाही फारसा नको. उष्ण समुद्रातल्या फांद्यांच्या प्रवाळांचे तसे नाही. पुढची शंभरएक वर्षे ते टाक्यांत आणले गेले आणि आठवड्यांत, महिन्यांत मेले. मद्रासला १९०९मध्ये समुद्रकिनारी मत्स्यालय उघडले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन २७ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी केले. मुंबईच्या सहलीला आलेल्या घाटावरच्या कितीतरी शाळकरी मुलांनी समुद्राच्या पोटातले जग पहिल्यांदा पाहिले ते तिथल्या काचेतून. तरंगणाऱ्या माशांची नवलाई सगळीकडे होती. मासे ठेवायला लोक शिकले होते, पण प्रवाळाखालचा दगड वाढवणे अजून जमत नव्हते.

जकार्तातल्या ली चिन एंग यांनी १९६१मध्ये आपली पद्धत छापून जगापुढे मांडली: समुद्रातले सजीवांनी भरलेले दगड, हवेचे बुडबुडे आणि ऊन. पण त्यांच्या हाताशी समुद्र होता, पाणी हवे तेव्हा बदलता येई. युरोपातल्या बंद खोलीत ते जमेना. दिवे तेज झाले, घाण फेसात पकडून काढणारी नळकांडी आली, तरी प्रवाळ खुरटत. कारण कळायला साधा हिशेब करावा लागतो.

१०० लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ४१ ग्रॅम कॅल्शियम असते. ते भरपूर वाटते. पण हाडाला कॅल्शियमबरोबर कार्बोनेटही लागते, आणि पाण्यातला तो साठा, ज्याला हौशी मंडळी अल्कलिनिटी म्हणतात, फार तोकडा असतो. १०० लिटरमधली सगळीच्या सगळी अल्कलिनिटी वापरली तरी हाड तयार होते अवघे ११-१२ ग्रॅम. तेवढ्यात कॅल्शियम जेमतेम नवव्या हिश्श्याने उतरते. म्हणजे निरोगी, वाढता प्रवाळ लहान टाकीत आपल्याच वाढीने उपाशी पडतो. समुद्रात हे घडत नाही, कारण तिथे पाणी अपार आहे आणि प्रत्येक लाटेबरोबर नवा साठा येतो.

स्वित्झर्लंडच्या पीटर विल्केन्स यांनी १९७०च्या दशकात यावर जे औषध लोकप्रिय केले ती चुन्याची निवळी. टाकीतून रोज जितके पाणी उडून जाते तितकी निवळी थेंबाथेंबाने घालायची, एवढीच कृती. तिचे बळ प्रमाणात आहे. प्रवाळ ज्या प्रमाणात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी खर्च करतो, नेमक्या त्याच प्रमाणात निवळी दोन्ही परत देते. एक लिटर मुरलेल्या निवळीत दोन ग्रॅमच्या आसपास हाड तयार होईल इतका माल असतो. शिवाय मागे दुसरे कसले मीठ साठत नाही. बर्लिनच्या हौशी मंडळींनी तेज दिवे, फेसाची नळकांडी, जिवंत दगड आणि निवळी यांची सांगड घातली आणि १९८०च्या दशकात फांद्यांचे प्रवाळ टाकीत नुसते जगले नाहीत, वाढू लागले. फांदी तोडून शेजाऱ्याला द्यावी इतके वाढले. समुद्रातून न आणता टाकीतल्या फांदीपासून प्रवाळ वाढवण्याची चाल तिथून रुजली.

निवळी मात्र जहाल. तिचा पीएच १२च्या वर असतो, समुद्राचा ८.१ च्या आसपास. तांब्याभर निवळी एकदम ओतली तर टाकीत पांढरे वादळ उठते, सगळा चुना गोठून खाली बसतो आणि जीव होरपळतात. म्हणून थेंब, तोही शक्यतो रात्री. रात्री शैवालाचे काम थांबते, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पीएच उतरतो. निवळी तो सावरते. वरची साय आणि तळाचा गाळ टाकीत जाऊ द्यायचा नाही, कारण चुन्यातली बरीच भेसळ गाळात बसते. पानवाल्याचा चुना यासाठी चालणार नाही, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच हवे. पण ढवळणे, निवळू देणे, वरचे तेवढे अलगद घेणे ही सगळी हातोटी जुन्या स्वयंपाकघरातलीच आहे.

समुद्रापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर आत, कुंभार्ली किंवा आंबा घाटाच्या अलीकडे अशी टाकी चालवायची तर घाटावरची हवा आडवी येते, तशी मदतीलाही येते. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचा पारा चाळिशीकडे जातो. लहान टाकीचे पाणी ३० अंशांवर काही दिवस राहिले तरी प्रवाळ आपले शैवाल बाहेर टाकू लागतो आणि पांढरा पडतो. पण ही हवा कोरडी असते. पाण्याच्या पृष्ठभागावर साधा पंखा सोडला तर बाष्पीभवनानेच दोन-तीन अंश उतरतात, आणि जितके पाणी उडते तितकी निवळी जास्त घालता येते. कोकणच्या दमट हवेत हा फायदा नाही. जून उजाडला, सह्याद्रीवर ढग टेकले की इथेही पाणी उडेनासे होते आणि निवळीची मात्रा आपोआप अपुरी पडते. प्रवाळाची भूक मात्र तेवढीच राहते. त्या दिवसांत अल्कलिनिटी रोज मोजल्यावाचून सुटका नसते. बोअरचे जड, क्षारांनी भरलेले पाणी तर वर्षभर वर्ज्य, आरओचे हवे. मिठागरातले मीठही कामाचे नाही. मिठाचे खडे बसल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यात मॅग्नेशियम आणि इतर क्षार निघून जातात, आणि त्यांच्यावाचून समुद्राचे पाणी समुद्राचे राहत नाही. आकडे कोणते असावेत हे आता सर्वांना पाठ आहे: २५ ते २७ अंश, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. पण त्या आकड्यांपेक्षा ते हलू न देणे महत्त्वाचे. १०० लिटरची टाकी तासाभरात तापते, दोन दिवसांत खारट होते. वीज गेली की थिनबाईंच्या मोलकरणीचे काम पुन्हा कोणाला तरी हाताने करावे लागते.

आणि प्रवाळ आणायचा कुठून, हा प्रश्न सगळ्यांच्या आधीचा आहे. आपल्या किनाऱ्यावर तो आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासिम आणि वफर यांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या जिवंत प्रवाळांची नोंद १९७९मध्ये प्रसिद्ध केली, त्यात मालवण होते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा तो भाग १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. दूर समुद्रात, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळी उंचवटा आहे. त्याला नाव आहे ते साताऱ्याच्या छत्रपती शाहूंचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे. तिथे पाणी इतके स्वच्छ की वीस मीटर खोलीवरही प्रवाळाला ऊन पोचते. मालवणचे प्रवाळ मात्र दर पावसाळ्यात गढूळ पाणी अंगावर घेतात आणि तरी टिकतात.

११ जुलै २००१ रोजी केंद्र सरकारने दगडी प्रवाळांचा सबंध गण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातला. वाघाला जे संरक्षण ते यांना. ते तोडणे, विकणे, जवळ बाळगणे यासाठी तीन ते सात वर्षे तुरुंगवास होऊ शकतो. हा कायदा कडक वाटतो, पण त्यामागचा इतिहास पाहिला की तो उशिराच आला असे वाटते. माणसाने प्रवाळाला चुना दिला ती अगदी अलीकडची गोष्ट. त्याआधी त्याने प्रवाळाचाच चुना केला. मन्नारच्या आखातात तुतिकोरिनच्या बाजूला प्रवाळ फोडून होड्यांनी किनाऱ्यावर आणत आणि भट्टीत भाजत. इतके खणले की पूवरसनपट्टी आणि विलंगुचल्ली ही दोन बेटे पाण्याखाली गेली. कच्छच्या आखातात सिमेंटसाठी प्रवाळी वाळू उपसली गेली. माणदेशच्या लोणाऱ्याने शेताला नको असलेला गोटा उचलला आणि ओढ्याने नवा आणून दिला. समुद्रातल्या भट्टीवाल्यांनी हजारो वर्षांची जिवंत भिंत जाळली, आणि ती भरून आली नाही.

कायद्यामुळे मुंबईत एक वेगळेच काम झाले. किनारी रस्त्याच्या वाटेत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे दगडी प्रवाळ आले. २०२०मध्ये परवानगी घेऊन त्यांच्या १८ वसाहती अलगद सोडवल्या गेल्या आणि कुलाब्याला नेव्ही नगरजवळ व वरळीतच दुसऱ्या जागी बसवल्या गेल्या. पाणी, उजेड, प्रवाह जुळतील अशी जागा शोधणे, प्रवाळ हवेत कमीत कमी वेळ ठेवणे, नंतर महिनोन्महिने पाहणी करणे, ही सगळी शिस्त टाकीवाल्यांना ओळखीची.

टाकीत शिकलेला धडा आता शास्त्रज्ञ खुल्या समुद्रात तपासत आहेत. हवेत वाढलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरतो आणि समुद्राचा पीएच उद्योगयुगाआधी जो सुमारे ८.२ होता तो ८.१ वर आला आहे. त्या मानाने प्रवाळाला हाड रचणे जड जाते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वन ट्री बेटाजवळ रिबेका अल्ब्राइट आणि सहकाऱ्यांनी उथळ पाण्यात अल्कली सोडून अल्कलिनिटी जुन्या पातळीच्या जवळ नेली. २०१६मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: हाड रचण्याचा वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढला होता. चुना टाकून समुद्रच सावरावा, अशी कल्पना हारून खेशगी यांनी १९९५मध्येच मांडली होती. तिची अडचण लोणाऱ्याच्या भट्टीतच आहे. १०० किलो चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड, आणि जळणाचा धूर त्यावर आणखी. तो वायू पकडून ठेवता आला तरच हा चुना समुद्राच्या कामाचा, आणि समुद्राला पुरेल एवढ्या प्रमाणावर ते अजून कुठेही होत नाही.